पुसलेला चुडा

८ जानेवारी

सकाळी एक संचालक, दुपारी एक नवरी.

संचालक एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे. कंपनीच्या वार्षिक अहवालात त्यांचा चेहरा हवा आहे. दोन दिवे लावले, राखाडी पडदा सोडला, तर म्हणाले, "टक्कल फार चमकत नाही ना?" मी म्हटलं, "साहेब, ते तेज आहे." हसले, आणि त्या हसण्यातच मी बटण दाबलं. पोर्ट्रेटचं शास्त्र म्हणतात ते एवढंच. माणूस क्षणभर स्वतःला विसरला की त्याला धरायचं. तेज मागाहून कॉम्प्युटरवर कमी करता येतं.

नवरी म्हणजे अजून व्हायची आहे. स्थळांना पाठवायचा फोटो. मुलगी नाते गावची, सुरेख सावळी. आई माझ्या खुर्चीमागे उभी राहून, "जरा उजळ करा हो भाऊ." केली. पाठशाळेत मी मायावाद शिकत होतो तेव्हा वडिलांना चिंता असे की याचा पोटाला उपयोग काय. त्यांनी माझा स्टुडिओ पाहायला हवा होता.

संध्याकाळी मुंबईहून पूनम नावाच्या बाईंचा फोन. जाहिरात संस्थेत आहेत. मी वर्तमानपत्राला महाड-पोलादपूरच्या बातम्या पाठवतो, त्यांच्याबरोबर छापून आलेले माझे फोटो त्यांनी पाहिले म्हणे. एका विमा कंपनीसाठी डोंगरातले चेहरे हवेत. "एकदम खरे चेहरे, सर. मेकअप नको, स्माइल नको." मी ताठ बसून बोललो. फोन ठेवल्यावर अमिता आतून म्हणाली, "कोण होतं? तुमचा आवाज एवढा शुद्ध का झाला होता?"

१७ जानेवारी

आज वरच्या वाडीत गेलो. पोलादपूर सोडून आंबेनळी घाटाच्या अलीकडे आत वळायचं, गाडी थांबते तिथे ठेवायची आणि पुढे स्वतःच्या छातीचा भाता ऐकत चढायचं.

विठाबाई आणि भागोजींना मी आधीपासून ओळखतो. त्यांच्या गोठ्यातलं वासरू बिबट्याने नेलं तेव्हा बातमी मीच केली होती. त्यांचा मुलगा सूरज मुंबईत टेम्पो चालवतो. घरी ही दोघं आणि म्हशी. विठाबाईंचा चेहरा तेव्हापासून माझ्या डोक्यात होता. गालांवर उभ्या रेघा, आणि डोळ्यांत कायम कुणाची तरी थट्टा शिजत असलेली.

"माजा फोटो कशाला काढतोस? ह्यांचा काढ. ह्यांचं नाक चांगलं हाय."

भागोजी गोठ्याच्या दारातून म्हणाले, "नाकच राहिलंय गो आता. बाकीचा तूच संपवलास."

ते पोटाखाली हात धरून चालत होते. हर्निया. महाडच्या डॉक्टरांनी सांगितलंय, आतडं अडकायच्या आत ऑपरेशन करून घ्या. पुढच्या महिन्यातली तारीख घेतली आहे.

विठाबाईंना दारात बसवलं. बाहेरचा उजेड तोंडावर, मागे घरातला अंधार, हात मांडीवर. याहून चांगला स्टुडिओ पैशाने बांधता येत नाही. अडचण एकच. संक्रांतीला भरलेल्या हिरव्यागार बांगड्या दोन्ही हातांत, आणि त्यांच्यावर ऊन असं नाचत होतं की भिंगातून पाहताना नजर चेहऱ्यावर ठरेना.

"मावशी, बांगड्या जरा काढता? फोटोपुरत्या."

डोळ्यांतली थट्टा विझली. "काय बोललास?"

"चमकतात हो, म्हणून."

"चमकूंदे. माजा मालक त्यो काय तितं बसलाय."

भागोजी हसून म्हणाले, "शास्त्रीबुवा, म्हस दूध द्यायची थांबंल, पन ती बांगड्या काढायची नाय." पाठशाळेमुळे मला सगळे शास्त्रीबुवा म्हणतात. आज पहिल्यांदाच ते नाव जरा सैल बसल्यासारखं वाटलं.

मी क्षमा मागितली. म्हटलं, पदराखाली हात घ्या. घेतले, आणि कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत पुन्हा बाहेर काढले. त्यांना बांगड्या दिसायलाच हव्या होत्या. तसाच काढला. कंपनीच्या कॅलेंडरात येईल, असं मी सांगितलं. मला तसंच सांगण्यात आलं होतं.

१९ जानेवारी

पूनमबाईंना नमुना आवडला. "फेस कमाल आहे, सर. पण हातांमुळे फार सणासारखं वाटतं. ती थोडी एकटी वाटायला हवी."

म्हणून जेवणानंतर कॉम्प्युटरवर बसलो आणि बांगड्या काढल्या. कोपराखालची कातडी उचलायची आणि काचेवर पेरत यायचं. सुरकुत्यांची दिशा सांभाळावी लागते, नाहीतर हात शिवलेला दिसतो. काम नाजूक झालं. स्वतःवर खूश होऊन पाहत बसलो. व्याकरणात याला लोप म्हणतात. नाश नव्हे, नुसतं न दिसणं. खऱ्या बांगड्या डोंगरावर सुखरूप आहेत.

अमिता चहा घेऊन आली. "या कोण? बिचाऱ्या. कधी गेले यांचे?"

"आहेत की. म्हशी राखतात."

"मग हात?"

"मी काढल्या. इथे."

तिने कप टेबलावर ठेवला नाही, हातातच धरून उभी राहिली. "एखादी तरी ठेवायची होतीत. कासाराकडे बसतो तेव्हासुद्धा आम्ही हात मोकळा होऊ देत नाही. नवी एक चढल्याशिवाय जुनी शेवटची उतरत नाही. बांगडी फुटली असं आपण तोंडाने म्हणतसुद्धा नाही, वाढली म्हणतो."

"अगं, चित्र आहे ते."

"हो का," म्हणाली. अमिताच्या 'हो का'वर आजवर एकही भाष्यकार झालेला नाही.

फोटो पाठवला. पूनमबाईंचं उत्तर लगेच आलं: वॉव.

१० फेब्रुवारी

कॅलेंडर नाही. होर्डिंग. एसटी डेपोसमोर.

प्रितमने सकाळी फोन करून सांगितलं. त्याचं बाजारात मोबाइलचं आणि फ्लेक्सचं दुकान आहे, चढवायचं काम त्याच्याकडेच आलं होतं. "शास्त्रीबुवा, तुमची म्हातारी आली! सगळी बाजारपेठ मान वर करून चाललीय."

पाहायला गेलो. एवढा मोठा माझा फोटो मी कधी पाहिला नव्हता. सुरकुती न सुरकुती. मोकळे हात मांडीवर, आणि खाली जाड अक्षरांत: 'ते नसले, तरी आम्ही आहोत.'

हे वाक्य मला कुणी सांगितलं नव्हतं, हे खरं. 'एकटी' हा शब्द मला सांगितला होता, हेही खरं.

प्रितमने पेढे मागितले. दिले. अमिताने घेतला नाही.

मी म्हटलं, "वरच्या वाडीतली माणसं पोलादपूरला उतरतात फार तर. महाडला कशाला येतील?"

"दवाखाना महाडलाच आहे," ती म्हणाली.

१३ फेब्रुवारी

आली.

ऑपरेशनआधीच्या तपासण्यांसाठी दोघं एसटीने आली आणि उतरली ती नेमकी त्या बोर्डाखाली. तिथून तडक माझ्या स्टुडिओत. भागोजी दारातूनच, "शास्त्रीबुवा, मी मेलो ते कळवायचंत तरी. तेराव्याला बरा जेवलो असतो."

मी बुडत्यासारखी ती थट्टा घट्ट धरली. म्हटलं, खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं म्हणतात. भागोजी म्हणाले, तर मग काय, मी आता शंभरी गाठतो. आम्ही दोघं हसलो.

विठाबाई हसल्या नाहीत. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या, हात पदराखाली. "कोनी काढल्या?"

"मुंबईवाल्यांनी," मी म्हणालो.

विचार करायला वेळच लागला नाही. शब्द जणू तोंडात तयारच बसले होते. पुढचेही आले. "तिकडे कॉम्प्युटरवर करतात हे सगळं. मला विचारलंसुद्धा नाही, मावशी."

त्यांनी माझ्या टेबलाकडे पाहिलं. पडद्यावर कुणा होतकरू उमेदवाराचा चेहरा उघडा होता, अर्ध्या गालावर मुरुमांचे व्रण, अर्धा गाल गुळगुळीत.

"आनि ह्ये काय करतोस?"

"डाग काढतोय."

"बरं," म्हणाल्या, आणि विषय तिथेच सोडला. सुटलो.

पण पूर्ण सुटलो नाही. ऑपरेशन करायचं नाही म्हणतात. "भरल्या हातानं ह्यांना दवाखान्यात नेनार होते. आता समद्या महाडानं माजे हात मोकळे बघितलेत. अशात ह्यांच्या पोटाला सुरी लावू द्यू?"

भागोजी म्हणाले, "अगो, कागद हाय तो."

"ज्यानं काढल्या त्यानं हितं येऊन माज्या हातात भराव्यात. मंग चला कुटं न्याल तितं."

मी म्हटलं, "मावशी, तो माणूस मुंबईला आहे."

"येवूंदे की. रस्ता हाय."

१४ फेब्रुवारी

पूनमबाईंना फोन केला. बोर्ड उतरवा म्हटलं. महिनाभराची मोहीम आहे म्हणाल्या, क्लायंटला फार आवडलीय. मी जरा आवाज चढवून म्हटलं की बाई सवाष्ण आहे, तिला तुम्ही विधवा केलंत.

"पण सर, बांगड्या तुम्हीच काढून पाठवल्यात ना?" त्या साधेपणाने म्हणाल्या. "खूप क्लीन काढल्या होत्या. आमचा माणूस म्हणाला, कळतसुद्धा नाही."

माझ्या कामाची इतकी जाणकार स्तुती आजवर कुणी केली नव्हती.

१८ फेब्रुवारी

ऑपरेशनची तारीख परवा गेली. आज विठाबाईंना समजवायला वर गेलो. वाटेत युक्तिवादाची जुळवाजुळव केली. प्रतिमा आणि वस्तू वेगळी, दोरीवर साप दिसला म्हणून दोरी चावत नाही, वगैरे. चढणीवर तो फार बिनतोड वाटत होता.

भागोजी बाजेवर पडून होते. गुडघे पोटाशी. मला पाहून हात केला, पण विनोद केला नाही.

विठाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी फोटो खोटा."

"खोटा म्हणजे, नुसती छाया."

"मंग नवरीला गोरी कशाला करतोस? छायाच हाय ना? माज्या भाचीला, रूपालीला, गोरी करून दिलीस, तर बघायला आलेली मानसं तिच्याच हातचं पोहे खाऊन इचारतात, पोरगी कुटं हाय?"

बाजेवरून भागोजी हसले आणि हसणं अर्ध्यावर सोडून कळवळले. विठाबाई उठून त्यांच्या पोटावर हात ठेवून बसल्या. तिथूनच, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "निगाला का त्यो मुंबयचा?"

"कळवलंय."

"लांब हाय का रे मुंबय?"

"नाही, तशी फार नाही."

"नाय, आमचा सूरज सकाळी निगतो नि जेवायला हितं असतो. म्हनून इचारलं."

म्हातारीच्या मनातून तो मुंबईवाला काही जात नाही. निघताना त्या मला पोचवायला अंगणाच्या कडेपर्यंत आल्या आणि उगाचच उभ्या राहिल्या. काही बोलतील म्हणून मीही थांबलो. मग मी उतरलो.

२० फेब्रुवारी

सूरजचा मुंबईहून फोन. बाबांना उलट्या झाल्या. पोट दगडासारखं झालं होतं, मग आपोआप उतरलं. डॉक्टरांना फोनवर विचारलं तर म्हणाले, पुन्हा अडकलं तर तास मोजावे लागतील. "काका, उद्याचा माल उतरवला की मी निघतोच. पण आई माझं ऐकत नाय. तुम्ही त्या माणसाला काहीही करून आना ना."

एवढं सोपं होतं. 'सूरज, तो माणूस मीच' एवढंच म्हणायचं. मी म्हणालो, "आणतो."

आणि मग मला प्रितम सुचला. कपडे बरे घालतो, हिंदी बोलतो, विठाबाईंनी त्याला पाहिलेलं नाही. त्याने एक बांगडी चढवायची, दोन शब्द बोलायचे, म्हातारीचं समाधान, म्हाताऱ्याचं ऑपरेशन. कुणाचं काही बिघडत नाही.

अमिताला सांगितलं. तिने कासाराकडून हिरव्या बांगड्या आणून कागदात बांधून दिल्या. "आणि तुम्ही कोण होणार? दुभाषी?"

२१ फेब्रुवारी

प्रितम गॉगल लावून आला होता. चढताना गॉगलमुळे त्याला वाट दिसत नव्हती, पण काढेना. म्हणाला, रोलमध्ये आहे.

विठाबाईंनी घोंगडी अंथरली, गूळपाणी ठेवलं. "ये रे बाबा. लय लांबनं आलास."

"हां आंटीजी. ट्रॅफिक बहुत था."

भागोजींचा चेहरा राखेसारखा झाला होता. तरी बारीक आवाजात म्हणाले, "तोंडवळा महाडचा वाटतोय."

"मुंबईत आपल्याकडचेच लोक भरलेत," मी म्हटलं.

विठाबाईंनी बांगड्यांची पुडी सोडली. पदराखालून दोन्ही हात काढले. जुन्या बांगड्या जिथल्या तिथे. हात पुढे केले नाहीत, मांडीवरच ठेवले. अगदी फोटोतल्यासारखे. मग प्रितमला म्हणाल्या, "कुटला हात आदी पुसलास?"

"जी?"

"उजवा का डावा? ज्यो आदी पुसलास त्यो आदी भरायचा."

प्रितमने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. "दोनों," तो म्हणाला. "एकसाथ."

"दोनी संगं? कसं रे जमलं तुला?"

तेवढ्यात भागोजींच्या तोंडून एक आवाज आला. माणसाचा वाटला नाही. ते बाजेवर वळले आणि पोट धरून तसेच राहिले. विठाबाईंची नजर त्यांच्यावर गेली, परत आली, आणि प्रितमवर नाही, माझ्यावर थांबली. त्या नजरेत थट्टा नव्हती. विनवणी होती.

"उजवा," मी म्हणालो. "उजवा आधी पुसला. मी. मुंबईचं कुणी नाही, मावशी. माझ्या टेबलावर बसून मीच पुसला."

प्रितमने हळूच विचारलं, "मग मी आता मराठी बोलू का?"

विठाबाईंनी उजवा हात माझ्यापुढे धरला. "मंग उभा का? बस."

पहिली बांगडी माझ्या बोटांतच गेली. "वाढली," त्या म्हणाल्या. "दुसरी घे. आंगठा आत दाब माजा. लोण्याची नाय मी, जोरानं दाब." बांगडी माझ्या हातात सरळ राहीना. "फोटो काढताना तर हलत नाय." दुसरी चढली. मग तिच्याखालची एक जुनी उतरवली. डाव्यातही तसंच. हात क्षणभरही मोकळा झाला नाही.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"तुज्या टेबलावर त्या मानसाचं अर्धं तोंड बघितलं नव्हं का मी."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

त्या उठल्या, भागोजींच्या उशाशी घोंगडी गोळा करू लागल्या. "तू बोलशील म्हनून थांबले. माजंबी चुकलंच. तुजं तोंड उगडायची वाट बघत बसले, नि भोगलं ह्यांनी."

बाजेला बांबू बांधले आणि वाडीतल्या माणसांनी भागोजींना खाली आणलं. एका कोपऱ्याला मी होतो. माझ्या गाडीतून महाडपर्यंत विठाबाई मागच्या सीटवर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि प्रत्येक वळणाला माझ्या कानामागे बांगड्या वाजत होत्या.

पोचल्या पोचल्या आत घेतलं.

२२ फेब्रुवारी

भागोजी वाचले. आतड्याचा काळा पडलेला तुकडा कापावा लागला.

हे सकाळी डॉक्टरांनी व्हरांड्यात सांगितलं. विठाबाई, रात्री येऊन पोचलेला सूरज आणि मी उभे होतो. डॉक्टर चिडलेले होते, आणि रास्त. तारखेला आले असते तर किरकोळ काम होतं म्हणाले. आता महिना-दोन महिने म्हशींकडे बघायचं नाही, पथ्य कायमचं. "एवढा उशीर का केलात?"

मी तोंड उघडायच्या आत विठाबाई म्हणाल्या, "माजी अडानी समजूत, सायेब."

मग डॉक्टर अंधश्रद्धेवर बोलले. बरंच बोलले. विठाबाई मान खाली घालून ऐकत होत्या. शेवटी डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही तर शिकलेले. तुम्ही तरी समजवायचं होतंत, शास्त्रीबुवा."

"समजावलं होतं," मी म्हणालो.

म्हणालो. काल ते सगळं बोलून झाल्यावर, आज, त्यांच्या देखत. डॉक्टरांनी मान डोलावली आणि निघून गेले. सूरज भिंतीकडे बघत राहिला. विठाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि कित्येक दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत ती जुनी थट्टा उतरली. "ऱ्हाऊंदे रे," म्हणाल्या. "सवय हाय तुला पुसायची." आणि भागोजींपाशी गेल्या.

समोरच्या टपरीवर हे लिहायला बसलो. संध्याकाळच्या राउंडला डॉक्टरांना खरं सांगेन, असं वाक्य आत्ता लिहिणार होतो. मागची पानं पाहिली. ते वाक्य मी या ना त्या रूपात बरेच दिवस जगतोय.

म्हणून वही घेऊन पुन्हा आत आलो. ओपीडीच्या रांगेत नाव दिलंय. माझ्यापुढे एक खोकला आणि पायाला प्लास्टर घातलेली एक बाई आहे. कंपाउंडरने केसपेपर करताना विचारलं, "काय होतंय तुम्हाला?"

"मला काही होत नाहीये," मी म्हटलं. "मी केलंय, ते सांगायचंय."